शेरणीचं बेट

धुळ्याहून साक्रीच्या दिशेने निघालं की आमचं गाव तासाभरावर आहे. दर हिवाळ्यात एका रविवारी मी तिथे जातो, नदीत उतरतो, पहारीने पात्रात भोकं पाडतो आणि शेरणीच्या फांद्या रोवतो. यंदाचं हे चौथं वर्ष. आजवर एकही फांदी पावसाळा ओलांडून जगलेली नाही. गावातली माणसं पुलावर थांबून बघतात. मागच्या वेळी एकाने वरूनच विचारलं की सर, हे कॉलेजचं काही काम आहे का. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी चिडका माणूस आहे आणि नदीच्या त्या जागेवर असताना तर जरा जास्तच.

शेरणी म्हणजे काय हे आता गावातल्या तरुण पोरांनाही सांगावं लागतं. कण्हेरीसारख्या लांबट पानांचं, छातीएवढं वाढणारं एक झुडूप आहे ते. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांच्या पात्रात, जिथे नुसते दगडगोटे असतात आणि दुसरं कोणी शहाणं झाड पाय ठेवत नाही, तिथे ते वाढतं. फांदी वाकवा, पिळा, तिच्यावर उभे राहा, ती तुटत नाही. मुळं गोट्यांच्या फटींतून खाली जातात आणि दोन-दोन हात खोल, मनगटाएवढी जाड होऊन दगडांना आवळून बसतात. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. मी धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे सगळं मला पाठ आहे. पाठ असणं आणि माहीत असणं यांतला फरक मला वयाच्या पन्नाशीत कळला आणि त्याची किंमत माझ्या बहिणीने मोजली.

आमच्या गावाशी नदी वळते. वळणाच्या जरा वरच्या अंगाला पात्राच्या मधोमध गोट्यांचं एक बेट होतं. फार मोठं नव्हे, दोन-तीन एकरांचं असेल. ते बेट नदीला दुभंगायचं. मोठी धार पलीकडच्या काळ्या खडकाच्या अंगाने जायची आणि आमच्या काठाकडून यायचं ते दमलेलं, उरलंसुरलं पाणी. आमच्या काठावर, बरोबर वळणाच्या पोटात, अक्काचं वावर होतं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. सगळं गाव तिला अक्काच म्हणतं.

वावर अक्काचं होतं असं मी म्हणतो, पण सातबाऱ्यावर नाव माझं होतं. अक्काला धरणगावकडे दिली होती. कापसाच्या भरल्या घरात दिली, असं वडील ज्याला त्याला सांगायचे. त्या भरल्या घरात तिला नऊ वर्षं मार पडला. शेवटी एक दिवस ती एकटी एस.टी.ने गावी आली तेव्हा तिचं डावं मनगट मोडलेलं होतं आणि ते तिने लुगड्याच्या चिंधीने बांधलं होतं. ते हाड वाकडंच जुळलं. वडील गेल्यावर वाटणीत नदीकाठचं वावर माझ्याकडे आलं आणि मी चारचौघांत सांगितलं की हे अक्काने कसावं, हे तिचं. लोकांनी मला भला माणूस म्हटलं. नावावर करून देण्याचं मात्र राहून गेलं. या सुट्टीत करू, पुढच्या सुट्टीत करू, असं म्हणता म्हणता वीस वर्षं गेली. अक्काने कधी विषय काढला नाही आणि मी तिच्या न बोलण्याचा सोयीस्कर अर्थ घेतला.

बेटावरचं वर्ष पुरापासून सुरू व्हायचं. डोंगरात पाऊस झाला की दोन-तीन तासांत लाल पाणी यायचं आणि त्यासोबत गोटे यायचे. पाण्याखाली गोटे एकमेकांवर आपटत जातात त्याचा आवाज घरात बसून ऐकू यायचा. मुलाच्या डोक्याएवढे दगड त्या पाण्यात गडगडत यायचे आणि सरळ शेरणीच्या अंगावर बसायचे. साल सोलली जायची, फांद्यांच्या चिंध्या व्हायच्या, अख्खं झाड खाली झोपवलं जायचं आणि वरून पाणी चार-चार दिवस त्याला तुडवत राहायचं. पाणी उतरल्यावर बघावं तर सगळ्या शेरण्या एकाच दिशेला आडव्या, अंगभर चिखल, फाटकी पोती, मेलेलं डुक्कर, कुणाची तरी चप्पल अडकलेली. पंधरा दिवसांत त्याच सोललेल्या बुंध्यांवर तांबूस कोंब दिसायचे. लहानपणी मला हे बघून आनंद व्हायचा असं कोणी समजू नये. मला भीती वाटायची. एवढा मार खाऊन पुन्हा उभं राहणाऱ्याची भीती वाटतेच.

प्रत्येक शेरणीच्या पाठीमागे, पाणी वाहून जाण्याच्या बाजूला, वाळू आणि गाळाचं एक लांबट शेपूट साठायचं. बाकीची सगळी बेटावरची वस्ती त्या शेपटांवर जगायची. हिवाळ्यात ओलीत लव्हाळा आणि माका यायचा, जरा उंचावर निर्गुडी, माथ्यावरच्या कोरड्या गोट्यांत रुई आणि अंगभर काटे घेऊन जमिनीला चिकटलेली भुईरिंगणी. मार्चपासून गोटे तापायला लागायचे. एप्रिलात तिथे अनवाणी पाय ठेवला तर फोड यायचा. हिवाळ्यात उगवलेली हजारो रोपटी त्या पंधरा-वीस दिवसांत उभ्या उभ्या भाजून मरायची. टिटवी तेवढी तिथेच, उघड्या गोट्यांत अंडी घालायची आणि जवळ गेलं की डोक्यावर झेप घ्यायची. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे बेट दाखवायला आणायचो, तेव्हा त्यांना म्हणायचो की इथे दया नावाची गोष्ट शोधू नका. पोरं वहीत लिहून घ्यायची.

आता गावाच्या रिवाजाबद्दल सांगतो. आमच्याकडे फड आहेत. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि त्या पाटावर सगळ्या गावाने मिळून भिजवायची शेतं, त्यांना फड म्हणतात. कुणाला कधी पाणी द्यायचं ते पाटकरी ठरवतो आणि त्याच्यापुढे सरपंचाचंही चालत नाही. पावसाळा संपला की घरटी एक माणूस नदीवर येतो, पाटात साचलेला गाळ-गोटे उपसतो आणि बंधाऱ्याची भोकं बुजवतो. ही भोकं बुजवायला बेटावरची शेरणी लागते. तिच्या फांद्यांच्या पेंढ्या दगडांत ठोकून बसवल्या की त्या पाण्यात सडत नाहीत. पण शेरणी तोडायचा नियम कडक होता. गुडघ्याच्या खाली कोयता लावायचा नाही आणि धारेकडे तोंड केलेल्या बाजूची एकही फांदी घ्यायची नाही. फक्त पाठीमागची घ्यायची. नियम मोडला तर पाण्याची एक पाळी बंद.

अक्का या नियमाची स्वतःहून झालेली पोलीस होती. तिचं वावर समोरच होतं. एकदा खालच्या आळीचा एक धडधाकट गडी घाईघाईत समोरच्या बाजूने फांद्या छाटत होता, तेव्हा अक्काने त्याच्या हातातला कोयता हिसकावून नदीत फेकला आणि तो अंगावर आला तेव्हा ओंजळभर वाळू त्याच्या डोळ्यांत मारली. त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मी रविवारी गेलो तेव्हा तिला समजवायला लागलो की झाडासाठी कोणी माणसाला आंधळं करतं का. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली की झाडासाठी नाही केलं. एवढंच म्हणाली आणि मीही पुढे विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गावात सभा झाली. त्या पावसाळ्यात बेटावरचे गोटे सरकून पाटाच्या तोंडावर आले होते आणि शेवटच्या फडाला पाणी पोचत नव्हतं. घरटी एक माणूस म्हणावा तर निम्मी घरं सुरतेला आणि नाशिकला गेलेली, आणि उरलेले म्हातारे पहार उचलतील तर कंबर धरून बसतील. गोटे उपसायचे कोणी, हा प्रश्न खोटा नव्हता. पलीकडच्या गावचा एक पोकलेनवाला पुढे आला. तो पाट मोकळा करून देणार होता आणि त्याबद्दल त्याला काही नको होतं, फक्त बेटावरचे गोटे त्याचे. त्याला ते खडीसाठी हवे होते. गावाला हे फुकटात पडत होतं. अडचण एकच होती. मशीन नदीत उतरवायला वाट आमच्या वावरातून होती आणि काठाच्या मालकाची संमती हवी होती.

म्हणून मला सभेला बोलावलं होतं. मी गेलो, खुर्ची मिळाली, कोणी तरी चहा आणून दिला. पाटकरी म्हातारा माणूस, त्याला सगळे आबा म्हणतात. त्याला हे पटत नव्हतं. त्याने इतर कोणाला न विचारता थेट मला विचारलं, "सर, तुम्ही झाडंसनं शिकेल शेतस. हाई शेरणी काढी तं परत येई का?"

त्या वेळी मला काय माहीत होतं ते सांगतो. छाटलेली शेरणी फुटते हे माहीत होतं. पुराने सोललेली शेरणी फुटते हे लहानपणापासून पाहिलं होतं. मुळासकट उपटलेल्या, खालचे गोटेसुद्धा काढून नेलेल्या जागेवर काय होतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं आणि वाचलंही नव्हतं. मशीन पाराशी उभी होती, तिची बकेट मी येताना पाहिली होती. माहीत नाही, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण दीडशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी गावातला एकुलता एक कॉलेजात शिकवणारा माणूस. मी पाय जरा ताणले आणि म्हणालो की शेरणी फार चिवट असते, तिची काळजी करू नका, दोन पावसाळ्यांत बेट पुन्हा हिरवं होईल. वर आणखी दोन-चार शास्त्रीय शब्द पाजळले. मग संमतीच्या कागदावर सही केली. अक्का मागे बायकांत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. वावर कोणाचं, हा प्रश्न त्या सभेत कोणालाच पडला नाही आणि सगळ्यांत आधी मला पडला नाही.

तिसऱ्या दिवशी मी प्रॅक्टिकल घेत होतो तेव्हा आबांचा फोन आला. म्हणाले, "सर, तुमनी अक्का बेटवर बशेल शे. लवकर या."

मी मोटारसायकल काढली. तासाभराचा रस्ता मी चाळीस मिनिटांत कापला आणि वाटेत एकदा ट्रकखाली जाता जाता वाचलो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती कोणावर हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. काठावर पन्नासेक माणसं उभी होती. अक्काचं वावर मधून कापलं गेलं होतं, मशीनच्या पट्ट्यांनी कपाशीचा लगदा झाला होता. बेटाचा वरचा निम्मा भाग आधीच संपला होता. तिथे शेरणीच्या मुळांचे गड्डे उलटे पडले होते, लाल, ओले, आणि त्यांच्या मुळांत गोटे तसेच धरलेले. मशीनच्या दातांनी ती मुळं फाडली होती.

उरलेल्या भागात, सगळ्यांत पुढच्या शेरणीला पाठ लावून अक्का बसली होती. तिच्या डोक्यावर दहा हातांवर पोकलेनची बकेट थांबलेली होती. मशीनची काच फुटली होती आणि ऑपरेटर खाली उतरून कपाळावरचं रक्त पुसत होता. अक्काच्या ओच्यात अजून गोटे होते. दोन माणसं तिला धरायला गेली होती, त्यांतल्या एकाच्या दंडाला ती कडकडून चावली होती. पोकलेनवाला मला बघताच म्हणाला की सर, सही तुमची आणि बाई तुमची बहीण, म्हणून हात उचलला नाही, नाही तर बाई आहे म्हणूनही सोडलं नसतं. सगळ्यांचे डोळे पुन्हा माझ्याकडे. पुन्हा मीच शहाणा.

मी पाण्यातून चालत बेटावर गेलो. तिला उठ म्हटलं. ती उठली नाही. मी तिचा हात धरून ओढलं. मी डावं मनगट धरलं होतं, ते वाकडं जुळलेलं. मला ते हातात आल्यावर कळलं, तरी मी सोडलं नाही. तिने उजव्या हाताने माझ्या कानफटात मारली. चष्मा उडाला. मी तिला गोट्यांवरून फरफटत ओढायला लागलो. तिच्या ओच्यातले गोटे सांडले, गुडघे फुटले, ती ओरडली नाही, फक्त माझ्या हातावर नखं रोवत राहिली. मध्येच ती वाकली आणि दुसऱ्या एका शेरणीला तिने मिठी मारली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. त्या वेळी मी जे बोललो ते घरच्या बोलीत बोललो नाही, कॉलेजातल्या स्वच्छ मराठीत बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"वावर माझं आहे, अक्का. मी हो म्हटलंय."

तिने मिठी सोडली. मग मला तिला ओढावं लागलं नाही. ती उठली, पातळ झटकलं, आणि माझ्यापुढे चालत पाण्यातून काठावर आली. मागे मशीन सुरू झाली. मुळं तुटताना आवाज येतो, ओलं कापड फाडल्यासारखा. तो आम्ही दोघांनी पाठमोऱ्याने ऐकला. संध्याकाळपर्यंत बेट सपाट झालं आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्याचे गोटेही गेले. खाली पिवळी चिकण माती उघडी पडली, तिच्यावरून पाणी तेलासारखं सरकत होतं. पाट मोकळा झाला, शेवटच्या फडाला पाणी पोचलं, आणि लोकांनी मला भेटून आभार मानले. हे खरं आहे आणि तेही सांगायला हवं.

अक्का माझ्याशी बोलायची थांबली नाही. उलट ती फार नीट बोलायला लागली. मी गेलो की चहा करायची, शेताचं विचारलं तर सांगायची. कांदे लावू का, असं विचारायची. पूर्वी तिने मला असं कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, राग गेला. मला झाडांचं जसं कळतं तसंच माणसांचं कळतं.

पुढच्या श्रावणात डोंगरात तीन दिवस पाऊस कोसळला. मी शनिवारी दुपारी गावी पोचलो तेव्हा अख्खं गाव काठावर होतं. पूर काही फार मोठा नव्हता. याहून मोठे पूर मी पाहिले होते. पण नदीला दुभंगणारं मध्ये आता काहीच नव्हतं. सगळी धार एक होऊन सरळ येत होती आणि वळणाच्या पोटात, आमच्या काठावर थडकत होती. काठ काळ्या मातीचा, वीस हात उंच. पाणी त्याला खालून खात होतं. वर काही दिसायचं नाही, मग जमिनीत एक बारीक भेग पडायची, ती रुंद व्हायची, आणि खोलीएवढा तुकडा उभ्या पिकासकट हळूच पुढे झुकायचा आणि जायचा. पाण्यात पडल्यावर तोफ उडाल्यासारखा आवाज यायचा. कपाशीची झाडं पडतानाही सरळ उभी असायची.

अक्का विहिरीवर होती. विहिरीपासून काठ तेव्हा तीसेक पावलं उरला होता. तिला आतली पाण्याची मोटार बाहेर काढायची होती. तिने दोर बांधला होता आणि एकटीच ओढत होती. लोक लांबून हाका मारत होते, जवळ कोणी येत नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. मी धावत गेलो. तिला म्हटलं, सोड, मोटार जाऊ दे. तिने ऐकलंच नाही. मग मीही दोर धरला. आम्ही दोघं ओढत राहिलो. दोर ओला, नायलॉनचा, माझ्या दोन्ही तळहातांची सालं निघाली. मोटार निम्म्यावर आली असेल तेव्हा पायाखालची जमीन हलली. विहिरीच्या कठड्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली. मी दोर सोडला आणि अक्काच्या कमरेला विळखा घातला. तिने दोर सोडला नाही. मी तिला मागे खेचत होतो आणि मोटार तिला पुढे. तिने डोक्याने मागे मारलं, माझा ओठ फुटला, समोरचा दात हलला. मी सोडलं नाही. शेवटी दोर तिच्या हातांतून आपोआप निसटला आणि आम्ही दोघं मागे चिखलात पडलो. विहीर आमच्यासमोर नदीत गेली. विहीर जाते म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय कळत नाही. आतलं बांधकाम क्षणभर हवेत एकटंच उभं होतं, मग तेही गेलं.

त्यानंतर काठावरचा कडुलिंब गेला, मुळं वर करून. मग कपाशीचा उरलेला तुकडा. अंधार पडायच्या आत वावराची एक चिंचोळी पट्टी राहिली, बांधालगतची, बैलगाडी जाईल एवढी. आम्ही तिथेच चिखलात बसून होतो. माझ्या तोंडातून रक्त येत होतं. तिच्या तळहातांचं मांस दिसत होतं. मी काही तरी बोलायला लागलो, बहुतेक माझं चुकलं असं काही तरी. तिने मला मध्येच थांबवलं.

"तुले म्हाईत नही व्हतं, तं तू बोलना कसाले?"

याचं उत्तर मी आजही शोधतो आहे असं म्हणणं खोटं ठरेल. उत्तर मला त्याच क्षणी माहीत होतं. मला मोठं दिसायचं होतं. तिला कधी कोणी खुर्ची दिली नाही, चहा आणून दिला नाही, पण ते बेट नदीला काय करतं हे तिला कळत होतं, कारण ती वीस वर्षं रोज त्याच्याकडे बघत होती. समोरच्या बाजूची फांदी का तोडायची नाही हे तिला कळत होतं. तिने सभेत तोंड उघडलं असतं तर लोक हसले असते आणि मी त्यांच्यासोबत हसलो असतो. हे मला तेव्हा चिखलात बसल्या बसल्या लख्ख दिसलं. त्या रात्री मी दवाखान्यातून परस्पर धुळ्याला गेलो.

आठवड्याने तलाठी पंचनाम्याला येणार असल्याचं आबांनी कळवलं. जाताना मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. वावर अक्काचं आहे, वीस वर्षं तिनेच कसलं आहे, जे काही लिहायचं ते तिच्या नावाने लिहा, असं सगळ्यांसमोर सांगायचं. वाटेत दोनदा मी ते मोठ्याने बोलूनही बघितलं. चांगलं वाटत होतं ऐकायला.

काठावर तलाठी, कोतवाल, आबा आणि गावातले दहा-बारा जण होते. अक्काही होती, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या. नदी उतरली होती. खाली जिथे बेट होतं तिथे पिवळ्या चिकणीवर एक गोटा दिसत नव्हता, आणि जिथे वावर होतं तिथून पाणी वाहत होतं. टेप धरायला दोन टोकं लागतात आणि दुसरं टोक धरायला जमीन नव्हती, म्हणून तलाठ्याने अंदाजाने आकडा घातला. मग त्याने पेन वर करून सहज विचारलं की वावर कोणाचं.

मी तोंड उघडलं. पण अक्का माझ्याआधी बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. वाटेत कोणी पत्ता विचारला तर सांगावं, तसं तिने पट्टी बांधलेला हात माझ्याकडे केला.

"वावर यानं शे. मी तं मजूर."

मी म्हणालो की नाही, तसं नाही, वावर तिचंच आहे. तलाठ्याने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतून सातबारा काढून पाहिला, आणि म्हणाला की सर, इथे तर तुमचंच नाव आहे. मी अक्काकडे वळलो. ती बांधावरून घराकडे निघाली होती. आबा पुढे होऊन तिच्याबरोबर चालायला लागले. तलाठ्याने कागद माझ्यापुढे धरला, बोट ठेवून जागा दाखवली, आणि मी सही केली.